दामलेबाईंचं ओलं-कोरडं

दामलेबाईंच्या तोंडून ‘मटण’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. कितीतरी वर्षं आम्ही भिंतीला भिंत लावून राहिलो. रोज सकाळी त्यांच्या कुत्रीसाठी मी माझ्या मोरीपाशी बसून बोकडाची वजडी कापायचे, आणि त्या भिंतीपलीकडून, तोंड दुसरीकडे करून, ‘अगं, थोडं काळीज जास्त घाल, तिचे डोळे निस्तेज दिसतायत’ असं सांगायच्या. पण मटण म्हणून नाही. त्या म्हणायच्या ‘ओलं’. आणि मुंबईहून त्यांचा भाऊ कुत्र्यांची जी विकतची बिस्किटं पाठवायचा, ते ‘कोरडं’. ‘शैला, ओलं झालं का गं? मग मी कोरडं आणते.’ कुणी तिऱ्हाइताने ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, दोघी शेजारणी पापड-कुरडयांचं बोलतायत.

आता मी लिहायला बसले आहे म्हटल्यावर आमचे हे म्हणाले, ‘जाऊ दे ना, जुनं झालं. माणसाबद्दल लिहायचं तर चांगलं लिहावं.’ चांगलं मी लिहिणारच आहे. भरपूर आहे, म्हणून तर राग जात नाही. बाई मुळातच खोट्या असत्या तर मी त्यांना केव्हाच विसरले असते.

आम्ही सिल्वासाला आलो तेव्हा तिथे रात्री कोल्हे ओरडायचे असं सांगणारी माणसं अजून होती. पण मसाट आणि सायलीकडे कारखाने भराभर उभे राहायला लागले होते, आणि जळगाव-धुळ्याकडची माणसं ट्रक भरभरून येत होती. त्यांची पोरं आमच्या मराठी शाळेत. एकेका वर्गात साठ-सत्तर. शिकवणाऱ्या आम्ही सगळ्या बाहेरच्या, कुणी मुंबईची, कुणी रत्नागिरीची, मी मालवणकडची. आमचे हे प्रशासनाच्या बांधकाम खात्यात कारकून, त्यामुळे आम्हाला सरकारी क्वार्टर मिळालं होतं. दोन खोल्या, मागे परसू, आणि दोन परसवांच्या मध्ये कंबरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे दामलेबाई. एकट्या, लग्न न केलेल्या, गिरगावातल्या, आमच्याच शाळेत चौथीला शिकवणाऱ्या. पंचेचाळीशी उलटलेली, नऊवारी नाही पण पाचवारीसुद्धा अशी चापूनचोपून की वाऱ्याची हिंमत नाही.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी भिंतीवरून त्यांनी विचारलं, ‘तुमच्याकडे चालतं ना?’

मला वाटलं, झालं. आता चहासुद्धा घ्यायच्या नाहीत. मीही जरा ठसक्यातच म्हटलं, ‘चालतं म्हणजे काय, धावतं. मासे मिळाले तर रोज, मटण रविवारी.’

बाईंचा चेहरा असा उजळला, की मी बघतच राहिले. ‘देव पावला गं बाई!’ म्हणाल्या, आणि वाकून त्यांनी पदराखालून एक पिल्लू वर काढलं. तांबूस रंगाचं, एक कान उभा, एक पडलेला. शाळेच्या मागच्या नाल्यापाशी सापडलं होतं. ती राणी. तिला ओलं हवं होतं, आणि दामल्यांच्या घरात ओलं येणं शक्य नव्हतं. तेव्हा ओलं माझ्या दारात, कोरडं त्यांच्या हातून, अशी वाटणी त्या भिंतीवर त्याच दिवशी ठरली.

ही ओल्या-कोरड्याची अक्कल त्यांची स्वतःची नव्हती. गिरगावात त्यांच्या चाळीसमोर जनावरांचा एक पारशी डॉक्टर राहायचा. त्याचं वाक्य बाई पाठ म्हणून दाखवायच्या: नुसतं कच्चं दिलं तर कुत्रा वाघ होतो, आणि नुसती बिस्किटं दिली तर कारकून. दोन्ही हवं. सकाळी कच्चं, उकडायचं अजिबात नाही, आणि त्यावर लगेच बिस्किटाचा चुरा. संध्याकाळी नुसतं बिस्कीट. हे त्या मला पहिल्यांदा समजावत होत्या तेव्हा आमचे कारकून मागच्या पायरीवर पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, ‘बाई, मला रविवारी ओलं मिळतं बरं का.’ बाई इतक्या लाजल्या की दोन दिवस भिंतीशी आल्या नाहीत.

तर रोजचा क्रम असा. मी बाजारातल्या यासीनचाचाकडून छिछडे, वजडी, कधी फुफ्फुस, कधी एखादा खूर असं आणायचे. आमची शाळा दुपारची. सकाळी मोरीपाशी कापून एका पत्र्याच्या थाळ्यात घालून थाळा भिंतीच्या माझ्या अंगाला ठेवायचे. राणी भिंतीवरून टुणकन इकडे उडी मारायची आणि थाळ्यासमोर बसायची. नुसती बसायची. तोंडाला पाणी सुटून लाळेच्या तारा जमिनीला टेकलेल्या, पण तोंड लावायचं नाही. मग बाई पलीकडून यायच्या. स्नान झालेलं, कपाळाला गंध, हातात बिस्किटाचा चुरा कागदावर. कागद वरूनच थाळ्यावर उपडा करायच्या, हात न लावता, आमच्या गावच्या देवळातला भटजी तीर्थ देतो तसा. आणि म्हणायच्या, ‘घे.’

त्या ‘घे’शिवाय राणीने कधी घास घेतला नाही. बाईंनी तिला लहानपणापासून तसंच शिकवलं होतं. ‘दिल्याशिवाय घ्यायचं नाही, हे कळलं की माणसाचं निम्मं शिक्षण झालं,’ म्हणायच्या. मी म्हटलं, ती माणूस नाही. म्हणाल्या, ‘म्हणून तर लवकर शिकली.’

सोवळ्याचं म्हणाल तर कहर होता. एकदा कावळ्याने थाळ्यातला तुकडा उचलून बाईंच्या तुळशीपाशी टाकला. पौषातली थंडी, पण बाईंनी अंगणभर बादल्या ओतल्या आणि वर थंड पाण्याने अंघोळ केली. आणि त्याच बाई, राणीला ताप आला तेव्हा रविवारचा अख्खा दिवस तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिने सकाळीच ओलं खाल्लेलं, तोंड न पुसलेलं. मी म्हटलं, ‘बाई, साडीला लागेल.’ तर म्हणतात, ‘लागू दे गं, बिचारी आहे.’ कुत्रीचं तोंड चालायचं, कुत्रीच्या तोंडातलं चालायचं नाही, असा तो हिशोब होता. मला हसू यायचं, पण खरं सांगते, मला त्या फार आवडायच्या.

कोरड्याची एक गंमत सांगायलाच हवी. गुजरातेत दारूबंदी, आणि आमच्या केंद्रशासित सिल्वासात नाही. त्यामुळे शनिवार आला की ह्यांना इतके नातेवाईक आणि मित्र असल्याचं आम्हाला कळायचं. असेच वलसाडहून एक जुने ओळखीचे आले. बसले. ह्यांनी बाटली काढली, आणि मी देवळात गेलेली. चखन्याला काय द्यायचं म्हणून ह्यांनी फळीवर शोधलं, तर बाईंनी मुंग्या लागू नयेत म्हणून माझ्याकडे ठेवलेला बिस्किटांचा डबा हाती लागला. हाडाच्या आकाराची बिस्किटं! मी परत आले तेव्हा पाहुणे चौथं खात होते. ‘वहिनी, खारी जरा कडक आहे, पण चव सरस छे,’ म्हणाले. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी छताकडे. पाहुणा गेल्यावर मी भिंतीवरून बाईंना सांगितलं, तर बाई हसता हसता खाली बसल्या, डोळ्यांतून पाणी. म्हणाल्या, ‘कोरडं पचलं ना त्यांना? मग पुढच्या शनिवारी ओलं दे!’ त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, ही बाई माझ्या सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची आहे. असं वाटलं होतं, हे मुद्दाम लिहून ठेवते.

शाळेत बाईंचा दरारा होता, पण छडीचा नाही. त्यांचा एकच नियम. जो उभा राहून ‘मी केलं’ म्हणेल त्याला शिक्षा नाही. जो गप्प बसेल त्याला पूर्ण. एकदा मधल्या सुट्टीत पाण्याचा माठ फुटला. त्या वर्षी पाण्याचे हालच होते, सगळ्यांचा जीव वर आला. बाई वर्गात गेल्या आणि दारात उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरचा एक काळासावळा मुलगा उठला, धुळ्याकडचा, मसाटच्या एका कारखान्यातल्या वॉचमनचा. रडतच म्हणाला, ‘बाई, मन्हा हातथीन फुटना.’ सगळा वर्ग त्याच्या बोलण्याला हसला. बाईंनी त्याला पुढे बोलावलं, स्वतःचा डबा उघडून त्यातली साखरेची पोळी त्याच्या हातात दिली आणि वर्गाला म्हणाल्या, ‘हसलात ना? आता ऐका. चारचौघांत जो ‘माझं आहे’ म्हणतो, तो मोठा. भाषा कुठलीही असू दे.’ मी शेजारच्या वर्गातून ऐकत होते.

मग आमच्या समोरच्या बंगलीत नवे साहेब आले. साहेब बरे होते, साहेबांच्या घरचं सोवळं मात्र बाईंच्या वरताण. त्याच सुमारास आमच्या मुख्याध्यापिका निवृत्त व्हायच्या होत्या आणि त्यांच्या जागी दामलेबाईंचं नाव चाललं होतं. शब्द टाकणाऱ्यांत हे साहेबच. बाई बंगलीत जायला लागल्या. वाती वळून द्यायच्या, आरत्या म्हणायला जायच्या. मी चिडवायचे, ‘बाई, तुमचं कोरडं आता तिकडेच वाढलंय.’ त्या म्हणायच्या, ‘गप गं. मुख्याध्यापिका झाले की तुझे दोन वर्ग एका खोलीत बसवणं बंद करते बघ.’ आणि माझा त्यांच्यावर विश्वास होता. त्यांनी ते केलंही असतं.

श्रावणात साहेबांकडे सत्यनारायण होता. श्रावणात आम्हीसुद्धा खात नाही, पण राणीला कुठला आलाय श्रावण! मी नेहमीसारखं कापलं, थाळा ठेवला, अंघोळ केली. त्या दिवशी थाळ्यात एक खूर होता. राणी येऊन बसली. पण बाई आल्या नाहीत. त्या पहाटेच बंगलीवर गेल्या होत्या, प्रसादाचा शिरा त्यांच्याकडे होता. गडबडीत राणीला ‘घे’ म्हणायचं राहून गेलं. मला वाटलं, येतील मध्येच. मी साडी बदलली आणि पूजेला गेले.

आरती झाली. बाई गात होत्या, आवाज सुरेखच होता त्यांचा. व्हरांड्यात सगळी मंडळी, साहेब, शिक्षणखात्यातले दोघं, शाळेतल्या बायका, मी. हातात केळीच्या पानाच्या तुकड्यावर प्रसाद. आणि फाटकातून राणी आली. धावत नाही, उड्या मारत नाही. तोंडात खूर, केसांसकट, आणि ती सरळ माणसांच्या मधून वाट काढत व्हरांड्यावर चढली. कुणी किंचाळलं, कुणी पदर आवरला. राणीने कुणाकडे बघितलं नाही. बाईंच्या पायांपाशी आली, रेशमी साडीच्या काठापासून टीचभर अंतरावर खूर ठेवला, आणि बसली. बसून वर बघायला लागली.

सकाळपासून थांबली होती हो ती. शेवटी परवानगी विचारायला आली.

साहेबांची बायको म्हणाली, ‘कुणाचं कुत्रं आहे हे?’

त्या व्हरांड्यात ज्याला डोळे होते त्याला दिसत होतं, कुत्रं कुणाचं आहे ते. मी बाईंकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील. चारचौघांत जो ‘माझं’ म्हणतो तो मोठा. फार तर साहेबांची बायको रागावली असती, प्रसाद पुन्हा करावा लागला असता. बाईंनी एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

‘शैलाचं आहे,’ म्हणाल्या. ‘आमच्या शेजारच्या. त्यांच्याकडे चालतं ना सगळं.’

मग राणीकडे बघून, खालच्या आवाजात पण स्पष्ट, ‘हाड!’

राणी हलली नाही. ‘हाड’ तिला बाईंनी कधी शिकवलंच नव्हतं. ती शेपूट हलवत बसून राहिली, दुसऱ्या शब्दाची वाट बघत. मग कुणीतरी काठी आणायला वळलं.

‘त्यांच्याकडे चालतं ना’. ह्याच चालण्यावर पहिल्या दिवशी त्या भिंतीवरून ‘देव पावला’ म्हणाल्या होत्या! आमच्याकडची शिवी हासडायची तर, शिरा पडो त्या चालण्यावर. प्रसाद तसाच कठड्यावर ठेवला, वाकले, सगळ्यांसमोर तो खूर हाताने उचलला, दुसऱ्या हाताने राणीची मानगूट धरली आणि म्हटलं, ‘हो, माझीच आहे. चल गं बाय.’ मागून कुणीतरी म्हणालं, ‘श्रावणात सुद्धा?’

घरी येऊन मी थाळा पुढे ओढला. म्हटलं, ‘घे.’ राणीने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं. आणि बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी बाई भिंतीशी आल्या नाहीत. मागचं दार लावलेलं, राणीलाही. मी ओलं ठेवलं, डब्यातलं कोरडं मीच चुरून घातलं, ‘घे’ म्हटलं. नाही. ह्यांनी बाईंसारखा आवाज काढून बघितला, बारीक, नाकातून. एरवी मी हसून लोळले असते. राणीने कान टवकारले, भिंतीवर पाय ठेवून पलीकडे डोकावली, आणि परत येऊन बसली. कच्चं ते, दुपारपर्यंत माश्या बसायच्या, मी उचलून टाकायचे. तिसऱ्या दिवशी तिच्या फासळ्या दिसायला लागल्या. आणि एवढ्या वेळात पलीकडच्या खिडकीत दिवा लागत होता, भांडी वाजत होती, बाई आंघोळीला स्तोत्र म्हणत होत्या. चार पावलांवर होत्या हो.

मी त्यांच्या पुढच्या दाराशी गेले. भांडायला नाही. भांडण मी बाजूला ठेवलं होतं. म्हटलं, ‘बाई, मला काही बोलायचं नाही. तुमचं नाव मी कुठे काढणार नाही. फक्त मागच्या दारी या आणि एकदा ‘घे’ म्हणा. दिसूही नका हवं तर, आतून म्हणा. ती उपाशी आहे.’

बाई दारात उभ्या. डोळे सुजलेले होते, ते मी लपवणार नाही. म्हणाल्या, ‘अगं, समोरून दिसतं गं सगळं. त्यांच्या व्हरांड्यातून आपलं दार दिसतं, तू आलेलीही दिसली असशील. आवाजही जातो. ऑर्डर निघेपर्यंत जरा. चार दिवसांचा प्रश्न आहे.’

‘चार दिवस ती काय खाईल?’

‘भूक लागली की खाईल. जनावरच आहे ते शेवटी.’ आणि मग, अगदी समजुतीच्या सुरात, जशा त्या वर्गात बोलायच्या तशा, ‘शैला, तुझं काय जातं? तुमच्याकडे चालतंच. तू म्हणालीस तर कुणाला काही वाटत नाही. मी म्हटलं तर माझं सगळं जातं.’

मी म्हटलं, ‘बाई, त्या माठ फोडणाऱ्या पोराला तुम्ही पोळी कशाला दिलीत मग?’

त्यांनी दार लावलं. जोरात नाही, हळूच लावलं.

राणीचं पुढे काय करायचं, हे मला त्या माठवाल्या पोराच्या बापाने सुचवलं. पोराला सोडायला शाळेत आला होता, मी रडवेली दिसले म्हणून त्याने विचारलं. तो म्हणाला, तिला ती भिंत दिसतेय तोवर ती थांबणार, मसाटला आमच्या गेटवर आणा. आणली. सायकलवर पोत्यात बसवून ह्यांनी नेली. तिथे भिंत नव्हती, थाळा नव्हता. बाजरीची भाकरी आणि कारखान्याच्या कॅन्टीनमधलं उरलंसुरलं. पहिला दिवस तसाच गेला. मग खाल्लं म्हणाला. मी जीव मुठीत धरून होते, तो सुटला.

पुढे कधी मसाटकडे गेले की गेटवर थांबायचे. राणी मजेत होती, जाड झाली होती. पारशी डॉक्टरच्या भाषेत कारकून झाली होती. एकदा मी त्या वॉचमनला विचारलं, ‘नीट खाते ना?’ तो म्हणाला, ‘खास ना बाई, मस्त खास. पन आधी वर दखस. कोनी काही म्हनीन अशी दखस.’ खाते, पण आधी वर बघते, कुणीतरी काही म्हणेल म्हणून. मी त्यानंतर मसाटला जाणं कमी केलं. बघवत नव्हतं मला.

बाई मुख्याध्यापिका झाल्या. चांगल्या झाल्या, तेही लिहिते. माझे दोन वर्ग वेगळे केले, शब्द पाळला. पाण्याची टाकी आणवली. त्यांच्या सत्काराच्या दिवशी भाषणात त्यांनी काय सांगावं? माठाची गोष्ट. ‘मन्हा हातथीन फुटना’ हे त्या पोराच्या आवाजात म्हणून दाखवलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठले आणि पाणी प्यायला गेले. त्यानंतर शाळेत आमचं बोलणं कामापुरतं. ‘बाई, हजेरी.’ ‘ठेव.’ घरी तर तेही नाही. आम्ही अर्ज करून दुसऱ्या ओळीतलं क्वार्टर घेतलं. निघताना परसवात तो पत्र्याचा थाळा भिंतीपाशी तसाच ठेवून आले. त्यांच्या अंगाला नाही, माझ्याच अंगाला. ज्याला उचलायचा त्याने उचलावा.

राणी गेली ती म्हातारी होऊन गेली. बाई निवृत्त झाल्या आणि गिरगावला न जाता सिल्वासातच नव्या सोसायटीत राहायला गेल्या, असं कुणी कुणी सांगायचं. मी कधी वाट वाकडी केली नाही.

मग एका रविवारी यासीनचाचाच्या दुकानी गेले. चाचा गल्ल्यावर बसून असायचा आता, कापायला त्याचा मुलगा. गर्दी होती. आणि गर्दीत पुढे एक म्हातारी उभी. केस पांढरे, पाचवारी चापूनचोपून, हातात स्टीलचा डबा. पायाशी दोरीला बांधलेलं काळं पिल्लू. मी मागच्या मागे सरकले आणि नारळवाल्याच्या आडोशाला उभी राहिले.

चाचाच्या मुलाने कुणासाठी हवं ते विचारलं, ‘बेन, कोना माटे? घरना माटे?’

‘नाही रे,’ दामलेबाई म्हणाल्या. आवाज तसाच, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. ‘माझ्या कुत्र्याला. माझं कुत्रं आहे हे. थोडी कलेजी जास्त घाल.’

एवढं सोपं होतं? भर बाजारात, अर्धं सिल्वासा रांगेत उभं असताना! बाईंनी डबा घेतला, बाजूला आल्या, कट्ट्यावर टेकल्या. झाकण उघडलं आणि हात आत घातला. उघडा हात. एक लालबुंद तुकडा बोटांत धरून पिल्लापुढे केला. मग पिशवीतून मूठभर कोरडं काढून त्यावर चुरलं, त्याच हाताने.

‘घे,’ म्हणाल्या.

पिल्लाने तो शब्द ऐकलाही नाही. त्याने केव्हाच ओढून घेतलं होतं. ते काही शिकलेलं नव्हतं, बाईंनी बहुतेक शिकवलंच नव्हतं. तरी त्या दुसरा तुकडा काढून म्हणाल्या, ‘घे.’ आणि तिसरा काढून पुन्हा, ‘घे गं, घे.’ पिल्लू नर होतं.

मी पुढे जायला हवं होतं, असं हे नंतर म्हणाले. कशाला जाऊ? ते ‘घे’ माझ्यासाठी नव्हतं आणि त्या पिल्लासाठीही नव्हतं. ज्यासाठी होतं ती तीन दिवस भिंतीपाशी उपाशी बसली होती, आणि तेव्हा ते चार पावलांवरून आलं नाही. मी पिशवी तशीच रिकामी घेऊन घरी आले.

ह्यांनी विचारलं, ‘काय गं, दुकान बंद होतं?’

म्हटलं, ‘नाही, उघडं होतं.’ आणि मोरीपाशी जाऊन बसले, तर रडूच फुटलं.